मतदाराची खातेवही कोणाच्या हाती?

२०१८ सालच्या मार्च महिन्याच्या १७ तारखेला लंडनचे 'ऑब्झर्व्हर' आणि अमेरिकेचे 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्रांनी केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचे प्रकरण चव्हाट्यावर मांडले. फेसबुकवरील कोट्यवधी माणसांची खाजगी माहिती त्यांच्या नकळत गोळा झाली आणि ती निवडणूक-प्रचाराच्या धंद्यात वापरली गेली, हा त्या प्रकरणाचा गाभा होता. पुढे कंपनी बुडाली, फेसबुकला दंड झाले, चौकशी-समित्यांचे अहवाल छापून निघाले आणि जगाचे लक्ष दुसरीकडे वळले. पुरोगामी वर्तुळात मात्र या प्रकरणाविषयी दोन टोकांची मते अजून ऐकू येतात. एक मत असे की, या कंपनीने मानसशास्त्राची काही अघोरी विद्या वापरून अमेरिकेतील २०१६ सालची निवडणूक आणि ब्रिटनचे युरोपीय संघातून बाहेर पडणे, दोन्ही घडवून आणले. दुसरे मत असे की, हा सगळा जाहिरातबाजांचा बडेजाव होता. मतदार असल्या गोष्टींना भुलत नाही. सबब कार्यकर्त्यांनी त्यात डोके शिणवू नये. पहिले मत पराभवाला सोपे कारण पुरवते, दुसरे मत स्वस्थ बसण्याला. मुख्य प्रश्न दोन्हींतून निसटतो. मतदाराविषयीची खातेवही कोणाच्या मालकीची असावी, आणि त्या खातेवहीच्या आधारे राजकीय पक्षाने इतरांना ऐकू जाणार नाही अशा रीतीने एकेका मतदाराच्या कानाला लागावे काय, असा तो प्रश्न आहे.

प्रथम घडले काय ते पाहिले पाहिजे. लंडनमधील एससीएल ही कंपनी सरकारे, लष्करे आणि राजकीय पुढारी यांच्यासाठी प्रचाराची कंत्राटे घेत असे. तिचीच एक शाखा म्हणून २०१३ साली केंब्रिज ॲनालिटिका निघाली. अमेरिकेतील सट्टेबाज वित्तव्यवहारात गबर झालेले रॉबर्ट मर्सर यांचा पैसा तिच्यामागे होता. पुढे ट्रंप यांचे प्रमुख सल्लागार झालेले स्टीव्ह बॅनन तिचे उपाध्यक्ष होते. २०१४ साली केंब्रिज विद्यापीठातील अलेक्सांद्र कोगन या संशोधकाने स्वतःच्या खाजगी कंपनीमार्फत फेसबुकवर एक प्रश्नावली टाकली. स्वभावाची चाचणी असे तिचे रूप होते, आणि ती भरून देणाऱ्यांना अल्पस्वल्प मोबदला मिळत असे. सुमारे २,७०,००० माणसांनी ती भरली. परंतु फेसबुकच्या त्या वेळच्या नियमांनुसार प्रश्नावली भरणाऱ्याच्या सर्व फेसबुक-मित्रांची माहितीही प्रश्नावली चालविणाऱ्याला उचलता येत असे. अशा रीतीने अडीच-पावणेतीन लाखांच्या संमतीवर, फेसबुकच्याच अंदाजानुसार, ८ कोटी ७० लाखांपर्यंत माणसांची माहिती उचलली गेली. त्यांतील ७ कोटींहून अधिक अमेरिकेतील होती. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वृत्तानुसार या कामावर केंब्रिज ॲनालिटिकाने ८ लाख डॉलरहून थोडा अधिक खर्च केला. भागाकार केला तर माणशी एक सेंटही पडत नाही. त्या वर्षीच्या विनिमय-दराने पंचावन्न पैशांच्या आसपास. माणसाची जन्मतारीख, त्याचे गाव, त्याच्या आवडीनिवडी आणि त्यावरून काढलेला त्याच्या मनाचा कल, या सगळ्याची मिळून ही किंमत.

वृत्तपत्रांनी या प्रकाराला 'चोरी' म्हटले, तेव्हा फेसबुकने आरंभी आक्षेप घेतला. कोणतेही कुलूप तोडलेले नाही, कोणाची संकेताक्षरे पळविलेली नाहीत, असे तिचे म्हणणे होते. चमत्कारिक वाटेल, पण या एका मुद्द्यावर ती कंपनी खरे बोलत होती. दार उघडे होते, आणि ते घरमालकाने स्वतःच ठेवलेले होते. बाहेरच्या लोकांनी फेसबुकवर खेळ, चाचण्या, करमणुकीचे प्रकार आणावेत, त्यायोगे लोकांनी तेथे अधिक वेळ घालवावा आणि जाहिरातींचे उत्पन्न वाढावे, यासाठी मित्रांची माहिती हे बाहेरच्यांना दाखविलेले आमिष होते. हे दार बंद करण्याची घोषणा फेसबुकने २०१४ सालच्या एप्रिलमध्ये केली खरी, परंतु जुन्या गिऱ्हाइकांना आणखी एक वर्षाची सवलत दिली. कोगन यांची उचल त्याच सुमारास झाली. त्यांनी नियम मोडला तो एवढाच की, घेतलेली माहिती पुढे दुसऱ्याला दिली. घाऊक व्यापाऱ्याने किरकोळ दुकानदाराविरुद्ध परस्पर विक्रीची तक्रार करावी, तशी ही फेसबुकची तक्रार होती. ज्यांच्या आयुष्याचा हा माल, ती माणसे त्या व्यवहारात कोठेच नव्हती.

त्यानंतरचे वर्तन तर अधिक बोलके आहे. टेड क्रूझ यांच्या प्रचारात ही माहिती वापरली जात असल्याचे वृत्त 'गार्डियन'ने २०१५ सालच्या डिसेंबरमध्येच दिले होते. फेसबुकने माहिती नष्ट केल्याचा लेखी निर्वाळा मागितला आणि तेवढ्यावर समाधान मानले. ज्यांची माहिती गेली त्या कोट्यवधी लोकांना दोन वर्षांहून अधिक काळ एक अक्षर कळविले नाही. कोगन यांच्या त्या कंपनीतील भागीदार तर त्याच सुमारास फेसबुकच्या नोकरीत रुजू झालेला होता.

या आकड्यांत भारताचा वाटा आहे. फेसबुकने २०१८ सालच्या एप्रिलमध्ये दिलेल्या हिशेबानुसार भारतात ती प्रश्नावली केवळ ३३५ जणांनी उघडली. पण माहिती जाण्याची शक्यता असलेल्या भारतीयांची संख्या ५,६२,४५५ होती. म्हणजे उरलेले ५,६२,१२० लोक कोणाचे तरी मित्र एवढ्याच नात्याने जाळ्यात आले. हे 'कोणी तरी' भारतातीलच असण्याचे कारण नाही. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या भाच्याने फावल्या वेळात प्रश्नावली भरली असेल, आणि साताऱ्यात बसलेल्या मामाचे नाव यादीत चढले असेल. मामाने काही केले नाही, काही वाचले नाही, कशाला हो म्हटले नाही. 'ज्याला खाजगीपणा हवा त्याने फेसबुकवर जाऊ नये' असा शहाजोग सल्ला जे देतात, त्यांनी या मामाचा विचार करावा. व्यक्तिगत माहिती ही एकट्या व्यक्तीची कधीच नसते. एकाने दार उघडले की शेजारच्या दहा घरांत डोकावता येते. आणि असे आहे म्हणूनच तिचे रक्षण ज्याच्या त्याच्या सावधगिरीवर सोपविता येत नाही. गिरणीतील धुळीपासून कामगाराने आपापला रुमाल बांधून वाचावे, असे कामगार-चळवळीने कधी मान्य केले नव्हते.

आता अघोरी विद्येविषयी. केंब्रिज विद्यापीठातीलच कोसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ५८,००० स्वयंसेवकांच्या माहितीवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला होता. माणूस फेसबुकवर कशाकशाला पसंतीची खूण करतो, तेवढ्यावरून तो अमेरिकेतील दोन पक्षांपैकी कोणत्या पक्षाचा हे १०० पैकी ८५ वेळा, आणि ख्रिस्ती की मुसलमान हे ८२ वेळा अचूक सांगता येते, असे त्यांनी दाखविले. (या देशात तेवढी यातायात करण्याचे कारण नाही, पुष्कळदा आडनाव पुरते.) तेव्हा पसंतीच्या खुणांतून माणूस वाचता येतो, हे खरे. परंतु वाचता येणे वेगळे आणि वळविता येणे वेगळे. केंब्रिज ॲनालिटिकाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अलेक्झांडर निक्स गिऱ्हाइकांपुढे जे दावे करीत, त्यांतील बरेचसे फुगवलेले होते. ब्रिटनच्या माहिती-आयुक्तांनी तीन वर्षे चौकशी करून २०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये जो निष्कर्ष संसदेला कळविला, त्यात कंपनीच्या पद्धती बहुतांशी बाजारात सर्वत्र उपलब्ध असलेल्याच होत्या, तिच्या दाव्यांविषयी खुद्द तिच्या नोकरांनाही शंका होती, आणि युरोपीय संघाविषयीच्या सार्वमतात तिचा लक्षणीय सहभाग आढळला नाही, असे नमूद आहे.

हा निष्कर्ष वाचून ज्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्यांनी तो उलटा वाचला. पद्धती सर्वत्र उपलब्ध होत्या, याचा अर्थ त्या कंपनीच्या बुडण्याने काही बुडाले नाही. ट्रंप यांच्या प्रचाराचे संगणकीय काम पाहणाऱ्या प्रमुखाने २०१७ साली दूरदर्शनवरील मुलाखतीत सांगितले की, फेसबुकचे कर्मचारी प्रचाराच्या कचेरीत येऊन बसत आणि जाहिराती नेमक्या कशा पोचवाव्यात याचे मार्गदर्शन करीत. अशी मदत क्लिंटन यांच्या बाजूलाही देऊ करण्यात आली होती. त्यांनी ती घेतली नाही एवढेच. जेथे मुख्य कारखानदार स्वतः घरपोच माल देतो, तेथे एखादा दलाल लबाड निघाला की नाही याला किती महत्त्व द्यायचे?

धोका कोठे आहे हे २०२० साली उघड झालेल्या दुसऱ्या एका गोष्टीने अधिक स्पष्ट केले. ब्रिटनच्या 'चॅनेल ४ न्यूज'ला ट्रंप यांच्या २०१६ सालच्या प्रचारयंत्रणेची खातेवही मिळाली. जवळजवळ २० कोटी अमेरिकी मतदारांची नोंद तीत होती, आणि त्यांचे गट पाडलेले होते. त्यांपैकी एका गटाचे नाव 'डिटरन्स', म्हणजे परावृत्त करणे. या गटात ३५ लाख कृष्णवर्णीय मतदार घातलेले होते. ते ट्रंप यांना मत देणार नाहीत हे गृहीतच होते. त्यांनी घरी बसावे, एवढीच अपेक्षा होती. हिलरी क्लिंटन यांचे १९९६ सालचे एक वक्तव्य उकरून काढून कृष्णवर्णीयांना त्यांच्याविषयी वीट यावा, अशा जाहिराती त्या काळात फिरविल्या गेल्या. ट्रंप यांच्या बाजूने हे वृत्त नाकारले. परंतु मतदानाला काही आठवडे उरले असताना त्याच यंत्रणेतील एका वरिष्ठाने विशिष्ट गटांचे मतदान खाली आणण्याच्या मोहिमा चालू असल्याचे एका वार्ताहराजवळ मोठ्या दिमाखात सांगितले होते. ज्या समाजाने मतपेटीपर्यंत पोचण्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेत लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले आणि माणसे गमावली, त्याला पुन्हा घरी बसविण्यासाठी आता पोलीस, कुत्री, साक्षरतेच्या खोट्या परीक्षा यांपैकी काही लागत नव्हते. अशा जाहिराती ज्याला पाठवायच्या त्यालाच दिसत. शेजाऱ्याला दिसत नसत, विरोधी उमेदवाराला दिसत नसत, वार्ताहराला दिसत नसत. नक्की किती लोक त्यामुळे घरी बसले, हे कोणी सांगू शकत नाही. पण खोटे बोलणाऱ्याला खोडून काढण्याची संधीच समाजाला मिळू नये, ही व्यवस्था मात्र पुरेपूर यशस्वी झाली.

जाहीर सभेचे महत्त्व येथे लक्षात येते. सभेत वक्ता बोलतो ते मित्रांसमोर, विरोधकांसमोर, वार्ताहरासमोर आणि साध्या वेशातील पोलिसासमोर. गिरणी-कामगाराला पगारवाढ आणि गिरणी-मालकाला पगारबंदी, अशी दोन वचने एका व्यासपीठावरून देता येत नाहीत. मध्येच उठून कोणी प्रश्न विचारतो, कोणी चिठ्ठी पाठवतो, दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर प्रतिपक्षाची सभा होते आणि कालच्या भाषणाचे वाभाडे निघतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सारा मुलूख राजकारणात शहाणा झाला तो या सवाल-जबाबातून. आता कोणी म्हणेल की, कोपऱ्यातल्या गोष्टी पूर्वीही होत्या. जातवार मेळावे होत होते, प्रत्येक आळीत वेगळी भाषा बोलणारे पुढारी होतेच. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एका आळीत दिलेले वचन दुसऱ्या आळीत पोचायला रात्र पुरत असे, आणि दुतोंडी पुढाऱ्याला तालुक्याच्या बाजारात कोणी तरी गाठून विचारीतच असे. माणसाला एकटे गाठून त्याच्या भीतीप्रमाणे बेतलेला निरोप द्यायचा, आणि तो कोणाला कळू द्यायचा नाही, हे मात्र नवे आहे. बेकाराला स्थलांतरिताची भीती, व्यापाऱ्याला कामगाराची, बहुसंख्याकाला अल्पसंख्याकाची! अशाने माणसे परस्परांचे दुःख ऐकत नाहीत, आणि जेथे माणसे परस्परांचे दुःख ऐकत नाहीत तेथे संघटना बांधणे फार कठीण होते. समाजवादी चळवळीला या प्रकाराची इतर पक्षांहून अधिक चिंता वाटावी ती या कारणाने.

म्हणूनच पुरोगाम्यांतील एका मोहाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. 'ते करतात तर आपणही करू. हेतू चांगला असला म्हणजे झाले' असा युक्तिवाद तरुण कार्यकर्त्यांत बळावत आहे. त्यांनी बराक ओबामा यांची २०१२ सालची निवडणूक आठवावी. त्यांच्या प्रचारयंत्रणेने फेसबुकवर आणलेले ॲप दहा लाखांहून अधिक समर्थकांनी घेतले, आणि त्यांच्या मित्रांची माहिती त्याच उघड्या दारातून यंत्रणेकडे गेली. फरक होता, आणि तो लहान नाही: समर्थकाला आपण राजकीय प्रचाराचे ॲप घेत आहोत हे ठाऊक होते, आणि मित्राला निरोप जाई तो समर्थकाच्याच हातून. पण मित्रांना कोणी विचारले नव्हते. त्या वेळी उदारमतवादी वृत्तपत्रांनी या प्रकाराचे कौतुकाने वर्णन केले. नव्या युगाचा प्रचार म्हणून त्याचे पोवाडे गायिले गेले. चारच वर्षांनी ते हत्यार दुसऱ्याच्या हाती दिसले, तेव्हा त्यांचा आवाज पुरेसा खणखणीत निघाला नाही. शिवाय, अशी खातेवही विकत घ्यायला पैसा लागतो. थैलीशहांच्या पक्षाशी थैलीनेच स्पर्धा करू पाहणारा गरिबांचा पक्ष कितव्या फेरीत बाद होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

खातेवहीच्या मालकीचा प्रश्न एका माणसाने न्यायालयापर्यंत नेला. न्यूयॉर्कमधील प्राध्यापक डेव्हिड कॅरॉल यांनी ब्रिटिश कायद्याचा आधार घेऊन केंब्रिज ॲनालिटिकाकडे स्वतःविषयीची नोंद मागितली. २०१७ साली त्यांना एक तक्ता मिळाला. बंदुका, स्थलांतर, राष्ट्रीय कर्ज अशा विषयांना ते किती महत्त्व देतात याचे गुणांक त्यात मांडलेले होते, आणि ते कोणत्या पक्षाला मत देण्याचा संभव किती हेही होते. हे कोठून आणले, कसे ठरविले आणि कोणाकोणाला दिले, असे त्यांनी पुढे विचारले. कंपनीने उत्तर दिले नाही. परदेशी माणसाला असा हक्कच नाही, अफगाणिस्तानातील गुहेत बसलेल्या तालिबान्याला जेवढा हक्क तेवढाच यांना, अशी भाषा तिने माहिती-आयुक्तांजवळ वापरली. आयुक्तांनी आदेश काढला, तोही तिने मानला नाही. अखेर २०१९ सालच्या जानेवारीत तिच्या मूळ कंपनीच्या निवडणूक-शाखेने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि १५,००० पौंड दंड झाला. कॅरॉल यांना उत्तर मिळाले नाही ते नाहीच. येथील ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आणीबाणीतील गुप्त पोलिसांच्या फायली आठवतील. त्या फायली तयार करायला सरकारला माणसे पाळावी लागत, आणि लोकसभेत त्यांविषयी प्रश्न विचारता येत असे. ही नवी फाईल नागरिक स्वतःच्या बोटाने लिहितो, आणि ती मागितली तर मालक दंड भरतो पण दाखवीत नाही.

दंडाचीच गोष्ट निघाली आहे तर फेसबुकच्या दंडाचाही हिशेब व्हावा. ब्रिटनने २०१८ साली ठोठावलेला ५ लाख पौंडांचा दंड हा तेथील जुन्या कायद्यातील कमाल दंड होता. फेसबुकच्या त्या वर्षीच्या सुमारे ५,५८० कोटी डॉलर उत्पन्नाशी तो ताडून पाहिला, तर साधारण सहा मिनिटांची मिळकत होते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१९ सालच्या जुलैमध्ये ५०० कोटी डॉलरचा दंड केला, तो ऐतिहासिक म्हणून गाजला. तो एका महिन्याच्या मिळकतीहून थोडासाच अधिक होता. आयोगाच्या पाच सदस्यांपैकी दोघांनी या तडजोडीला विरोध नोंदविला, कारण कंपनीच्या धंद्याची रीत तीत बदलली नव्हती आणि मालकावर व्यक्तिशः जबाबदारी टाकली नव्हती. मक्तेदाराला दंड म्हणजे धंद्याचा एक खर्च, हा अनुभव तेलाच्या आणि औषधांच्या कंपन्यांपासूनचा आहे.

भारतात या प्रकरणाचे पडसाद कसे उमटले? त्या वेळच्या सत्ताधारी आणि प्रमुख विरोधी पक्षांनी या कंपनीचे गिऱ्हाईक असल्याचा आरोप एकमेकांवर केला, दोघांनीही हात वर केले, आणि आठवडाभरात धुरळा खाली बसला. केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला तो २०२१ सालच्या जानेवारीत, म्हणजे कंपनी बुडून अडीच वर्षे उलटल्यावर. दरम्यान येथील प्रश्नाचे स्वरूप बदलले होते. या देशात नागरिकांविषयीची सर्वांत मोठी खातेवही फेसबुकपाशी नाही, ती सरकारपाशी आहे: शिधापत्रिका, घरकुल, गॅस, पीकविमा, बँक-खाते आणि या सर्वांशी जोडलेला भ्रमणध्वनी. २०२१ साली पुदुच्चेरीच्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या स्थानिक शाखेने मतदारांना मतदान-केंद्रानुसार व्हॉट्सॲप-गटांत बोलाविले, आणि त्यासाठीचे क्रमांक आधारच्या नोंदींतून आले असावेत अशी तक्रार मद्रास उच्च न्यायालयात गेली. आधार प्राधिकरणाने माहिती फुटल्याचा इन्कार केला. न्यायालयाला मात्र प्रश्न गंभीर वाटला. २०२४ सालच्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागू होत असतानाच 'विकसित भारत'च्या नावाने पंतप्रधानांचे पत्र असंख्य लोकांच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडले. भारताचे नागरिकही नसलेल्या परदेशस्थांना ते मिळाल्याच्या तक्रारी झाल्या. निवडणूक आयोगाने २१ मार्चला ते थांबविण्याचा आदेश दिला, तेव्हा संबंधित मंत्रालयाने सांगितले की, पत्रे आचारसंहितेपूर्वीच सोडली होती, काही यंत्रणेच्या मर्यादेमुळे उशिरा पोचली. हे क्रमांक कोणी, कोणत्या कामासाठी घेतलेले होते, हा साधा प्रश्न तसाच राहिला.

आणि कायदा? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम निघायला २०२५ सालचा नोव्हेंबर उजाडला. २०१९ सालच्या मसुद्यात जात, धर्मश्रद्धा आणि राजकीय मते या माहितीला 'संवेदनशील' मानून अधिक संरक्षण दिलेले होते. मंजूर झालेल्या कायद्यात हा वर्गच उरला नाही. ज्या देशात दंगलीच्या वेळी मतदारयाद्या हाती घेऊन घरे शोधली गेल्याच्या तक्रारी चौकशी आयोगांपुढे झाल्या, तेथे हे गाळणे किरकोळ म्हणता येणार नाही. सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार सरकारनेच स्वतःकडे ठेवला आहे, आणि तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्यही सरकारच नेमणार. शिवाय याच कायद्याच्या एका कलमाने माहितीच्या अधिकाराच्या कायद्याला कात्री लावली. व्यापक लोकहित असेल तर व्यक्तिगत माहितीही देण्याची जी तरतूद त्या कलमातच होती, ती काढली गेली. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने गावच्या चावडीवर हजेरीपटाचे जाहीर वाचन केले आणि मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेली मजुरी उघडकीस आणली, त्यातून माहितीचा अधिकार जन्मला. आता तोच हजेरीपट मागणाऱ्याला 'व्यक्तिगत माहिती' म्हणून परत पाठविता येईल. सरकारला नागरिक आरपार दिसावा आणि नागरिकाला सरकार दिसू नये, अशी ही उलटी पारदर्शकता आहे.

याविरुद्ध मागण्या काय असाव्यात? युरोपीय संघाचा राजकीय जाहिरातींविषयीचा कायदा १० ऑक्टोबर २०२५ पासून पूर्णतः लागू झाला. वंश, धर्म, राजकीय मते यांच्या आधारे मतदार निवडून त्याला जाहिरात दाखविण्यास त्यात बंदी आहे, आणि अन्य माहिती वापरायची तरी त्याच कामासाठी स्वतंत्र संमती लागते. हा कायदा येताच गूगल आणि फेसबुकची मालक मेटा या दोन्ही कंपन्यांनी युरोपात राजकीय जाहिराती घेणेच बंद केले. नियम अव्यवहार्य आहेत असे कारण त्यांनी दिले. विचारून धंदा करावा लागला तर हा धंदा नको, असा त्याचा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही. या देशातही निवडणूक-कायद्यात तशी तरतूद व्हावी: जात, धर्म, उत्पन्न वा सरकारी योजनेचा लाभ यांच्या नोंदींवरून मतदार वेचून प्रचार करण्यास बंदी असावी, पक्षाने पैसे देऊन पाठविलेला प्रत्येक निरोप, तो कोणाला पाठविला आणि किती खर्च झाला यांसह, त्याच दिवशी सर्वांना पाहता यावा, योजनेच्या लाभार्थींची यादी पक्षाच्या हाती देणाऱ्या अधिकाऱ्याला आणि ती घेणाऱ्या पक्षाला सारखीच शिक्षा असावी.

राजकीय पक्षांविषयी २०२३ सालच्या कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही, आणि पक्ष ती आपण होऊन मागणार नाहीत. म्हणून ज्यांना मागायची त्यांनी आपले घर आधी पाहावे. पाणीटंचाईच्या निवेदनावर सही करणाऱ्या बाईने आपला क्रमांक पाण्यासाठी दिलेला असतो. तोच क्रमांक सहा महिन्यांनी नगरपालिकेच्या उमेदवाराच्या फोनमध्ये सापडतो, आणि यात काही वावगे झाले असे पुष्कळ चांगल्या कार्यकर्त्यांनाही वाटत नाही. सह्यांच्या कागदावर क्रमांक कशासाठी घेतला हे छापलेले असावे. तो दुसऱ्या कामासाठी वापरायचा तर बाईंना पुन्हा विचारावे. आणि टँकर सुरू झाल्यावर, निवेदनाची पक्षाकडची प्रत कपाटात जपून ठेवण्याऐवजी, त्यावरील क्रमांक तालुका-समितीच्या बैठकीत खोडून टाकावेत.